सुताच्या गाठी आणि शाळेचा पावसाळा

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता आंब्याच्या घाटाला भिडण्यापूर्वी जे बाजाराचे मोठे गाव लागते ते मलकापूर. एके काळी विशाळगड जहागिरीचे ठाणे असलेले हे गाव आज शाहूवाडी तालुक्याच्या व्यवहाराचे केंद्र आहे. तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत वसलेला असल्यामुळे येथील पाऊस हा केवळ शेतीचाच नव्हे, तर शाळेचाही प्रश्न असतो. जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि पुढील दोन-अडीच महिने मैदान चिखलाने भरलेले, ओढ्यांना पाणी आलेले आणि वर्गात दिवसाही उजेड अपुरा, अशी स्थिती बहुतेक वाड्यावस्त्यांवर असते. खेळाचा तास नावापुरता उरतो. मुलांना चार भिंतींच्या आत गुंतवून ठेवायचे तर कशात, हा शिक्षकांपुढील दरवर्षीचा पेच आहे.

योगायोग असा की, याच महिन्यांत या भागातील घराघरांतून दोऱ्याला आणि गाठीला मान मिळतो. कोल्हापूर भागात आषाढात बेंदूर येतो. बैलांच्या शिंगांना रंग चढतो, गळ्यात कंडे व घुंगुरमाळा पडतात, म्होरकीला रंगीत गोंडे लटकतात. पाठोपाठ श्रावणातली पौर्णिमा. तिला आज सर्वत्र राखीपौर्णिमा म्हणत असले, तरी जुनी माणसे अजूनही तिला पोवत्याची पुनव म्हणतात. पोवते म्हणजे सुताचे अनेक पदर एकत्र घेऊन त्यांना ठरावीक गाठी देऊन केलेला दोरा. तो देवाला वाहावयाचा आणि मग घरातल्यांनी धारण करावयाचा. भाद्रपदात अनंत चतुर्दशीला चौदा गाठींचा दोरा दंडात बांधला जातो. दर्ग्यात नवसाचा धागा बांधणारे हात सर्व समाजांचे असतात. लग्नात वधूवरांच्या हाती बांधलेल्या कंकणाची गाठ एका हाताने सोडविताना वऱ्हाडाची किती करमणूक होते, हे तर वेगळे सांगावयास नको.

अलीकडे या मालिकेत आणखी एका दोऱ्याची भर पडली आहे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मुले एकमेकांच्या मनगटावर रंगीत पट्टे बांधतात आणि त्यांना ‘फ्रेंडशिप बँड’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांनी २०११ साली ३० जुलै हा आंतरराष्ट्रीय मैत्री दिन ठरविला. आपल्याकडील मुलांनी मात्र बाजारपेठेने दिलेला रविवारच उचलला. या प्रथेला नाके मुरडण्यापेक्षा तिच्यातील धागा हाती धरणे अधिक शहाणपणाचे ठरेल. कारण बाजारात मिळणारा प्लास्टिकचा किंवा रबरी पट्टा बाजूस ठेवून तोच पट्टा मुलांनी स्वतः सुताच्या गाठींनी विणावयाचा असे ठरविले, तर एका तासात भाषा, गणित, परिसर अभ्यास आणि हाताचे वळण या चारही गोष्टी एका जागी येऊ शकतात. अशा विणलेल्या पट्टीस येथे ‘मनगटी गोफ’ असे म्हटले आहे.

गाठ ही या मातीतली विद्या आहे

मनगटी गोफ हा परका प्रकार आहे, अशी काही शिक्षकांची समजूत असते. आज प्रचलित असलेले विणकामाचे नमुने मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालासारख्या देशांतून जगभर पसरले हे खरे आहे. तथापि, त्यातील मूळ क्रिया येथील शेतकऱ्याच्या बोटांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. औताच्या बैलाने पिकात तोंड घालू नये म्हणून त्याला बांधावयाचे मुसके हे गाठींचे जाळेच असते. दुधा-दह्याचे मडके मांजरापासून वाचविणारे शिंके, पाखरे हाकण्याची गोफण, गुरांचे दावे, बैलांचा कासरा या साऱ्यांत पीळ, वेणी आणि गाठ याच तीन गोष्टी वेगवेगळ्या रीतीने आल्या आहेत. शाहूवाडीच्या डोंगरावरील धनगरवाड्यांत म्हशी पाळणाऱ्या कुटुंबांतील एखादा वृद्ध गृहस्थ अंधारातदेखील दाव्याची गाठ सोडू शकतो. कोल्हापुरी चपलेवरील चामड्याची वेणी हा तर याच विद्येचा जगाला माहीत असलेला नमुना आहे; त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले. दागिने रेशमात ओवून त्यांना गोंडे व सरकत्या गाठी लावून देणारे पटवेकरी हेही याच विद्येचे जाणकार.

शब्दांचा साठाही विपुल आहे. पदर, पेड, पीळ, तिढा, गुंता, उकल, सुरगाठ, निरगाठ हे शब्द मुलांच्या कानांवर म्हणी-वाक्प्रचारांतून पडतात, परंतु त्यांचा मूळ अर्थ अनेकांना ठाऊक नसतो. सुरगाठ म्हणजे टोक ओढताच सुटणारी, निरगाठ म्हणजे ओढावी तितकी घट्ट बसणारी. हा भेद पाठ्यपुस्तकात वाचून कळणे आणि दोन्ही गाठी स्वतः मारून कळणे यांत जे अंतर आहे, तेच पाठांतर आणि शिक्षण यांतील अंतर होय.

प्लास्टिकचे दोर, नायलॉनची दावी आणि तयार जाळी आल्यापासून ही विद्या घरातून झपाट्याने जात आहे. पूर्वी मूल वडिलांच्या शेजारी बसून दोर वळताना पाहत असे; आज तो प्रसंगच येत नाही. पायातल्या बुटांनासुद्धा आता नाडीऐवजी चिकटपट्टी असते. त्यामुळे चौथीत आलेल्या मुलाला दप्तराची नाडी बांधता येत नाही, अशी तक्रार शिक्षकांकडून ऐकू येते, तेव्हा दोष मुलाचा नसतो.

शाळेत हातकाम कशासाठी

हाताने काम करीत शिकण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना तयार केली. सूतकताई हा तीमधील एक प्रमुख उद्योग होता. पुढे ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे, आणि नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर, परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधने उभी करून दाखविली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ हा शब्द रूढ केला. ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ साली ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही कल्पना मांडली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची सूचना केली आहे.

धोरणे अशी एकामागून एक आली, पण वर्गात कार्यानुभवाचे काय झाले हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. वर्षाअखेरीस एक दिवस ‘वस्तू आणा’ असे सांगण्यात येते, आई रात्री जागून तोरण किंवा बाहुली करते, मूल ती शाळेत आणते, गुण मिळतात. या व्यवहारात शिकते कोण? आईला ती वस्तू आधीच येत होती, आणि मुलाला ती नंतरही येत नाही. मनगटी गोफाचा विशेष हा की, तो घरी नेऊन दुसऱ्याकडून करून आणण्याइतका मोठा नाही आणि वर्गात पुरा होण्याइतका लहान आहे. शिवाय मातीकाम किंवा कागदकाम चुकले तर साहित्य वाया जाते. सुताची गाठ चुकली तर सोडविता येते आणि तोच धागा पुन्हा वापरता येतो. चूक दुरुस्त करता येते हा अनुभव पहिल्या इयत्तांतील मुलाला फार थोड्या विषयांत मिळतो.

पायरीपायरीने

सर्व मुलांना एकदम गाठींचा गोफ शिकविण्याचा प्रयत्न केल्यास पहिल्याच दिवशी गुंता होतो. पहिली-दुसरीच्या मुलांनी आधी दोर वळावा. दोन मुलांनी हातभर अंतरावर उभे राहून धाग्याची दोन टोके धरावयाची आणि विरुद्ध दिशांना पीळ देत राहावयाचे. पीळ पुरेसा बसला की तिसऱ्याने मध्यभागी बोट ठेवून धागा दुमडावा. टोके जवळ आणताच तो आपोआप स्वतःभोवती वळतो आणि दोन पेडांची दोरी तयार होते. हे पाहताना मुलांच्या चेहऱ्यांवर जे आश्चर्य उमटते त्याचा उपयोग शिक्षकाने अवश्य करून घ्यावा. एका दिशेचा पीळ दुमडल्यावर उलट दिशेने उकलू पाहतो आणि त्या ओढीनेच दोन पदर एकमेकांना धरून ठेवतात, हे दोरखंडाचे सारे शास्त्र एवढ्या प्रयोगात आहे.

तिसरी-चौथीत तीनपेडी वेणी घ्यावी. तीन पेडांना तीन रंग दिले की कोणता पेड कोणावरून गेला हे डोळ्यांना दिसते. उजवा मधल्यावरून, डावा मधल्यावरून, एवढाच नियम. वर्ग मोठा असेल तर हाच धडा अंगणात वा व्हरांड्यात शरीराने गिरविता येतो. टिपरी-गोफात आढ्याला बांधलेल्या रंगीत दोऱ्या हाती धरून खेळगडी एकमेकांच्या आतून-बाहेरून फिरतात, वर गोफ विणला जातो आणि नंतर उलट पावलांनी तोच गोफ उकलला जातो. गोव्यात शिमग्याला हा नाच आजही होतो. उलट पावलांनी गोफ उकलणे म्हणजे केलेल्या क्रिया उलट क्रमाने मागे घेणे. बेरजेनंतर वजाबाकी शिकविणाऱ्या शिक्षकास याहून चांगले चित्र मिळणे कठीण. वेणीचा विषय पोरकट वाटत असल्यास हेही लक्षात ठेवावे की, एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२५ साली वेण्यांचाच स्वतंत्र सिद्धांत मांडला आणि त्यावर आजही उच्च गणितात काम चालू आहे.

पाचवीपासून पुढे गाठींचा गोफ. त्यासाठी तीन रंगांचे प्रत्येकी दोन, असे सहा धागे घ्यावेत. प्रत्येकाची लांबी पाऊण मीटर पुरते, कारण गाठी धागा खातात आणि तयार पट्टी मूळ लांबीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकीच उरते. वरची टोके एकत्र गाठून पुठ्ठ्याला चिमट्याने अडकवावीत. एका रंगाचे दोन्ही धागे शेजारी ठेवले की पट्टे रुंद दिसतात. आता सर्वांत डावीकडचा पहिला धागा घेऊन शेजारच्या दुसऱ्या धाग्यावरून आडवा टाकावा. इंग्रजी चारच्या आकड्यासारखी आकृती दिसेल. पहिल्याचे टोक दुसऱ्याच्या खालून नेऊन त्या आकृतीच्या पोकळीतून वर काढावे. दुसरा धागा ताठ धरून पहिला वर ओढावा. हेच पुन्हा एकदा केले की एक गाठ पुरी झाली. मग तोच पहिला धागा तिसऱ्यावर, चौथ्यावर, असे करीत उजव्या टोकाला पोचतो. एक ओळ झाली. आता डावीकडे जो धागा आला असेल त्याची पाळी.

यात चुका दोनच होतात, आणि दोन्ही आपण होऊन प्रकट होतात. ताठ धरावयाचा धागा सैल राहिला तर गाठ उलटते आणि भलत्याच रंगाचा ठिपका मध्ये येतो. दुहेरीऐवजी एकेरी गाठ मारली तर पट्टी वाकडी वळू लागते. शिक्षकाने लाल शाईने खूण करण्याची गरजच उरत नाही. चूक कोठे आहे हे मुलालाच दिसते आणि ते दोन ओळी मागे जाऊन गाठ सोडविते. येथे शिक्षकाने आपले हात मागे बांधून ठेवावेत, हे सांगणे सोपे पण पाळणे अवघड आहे. रडकुंडीला आलेल्या मुलाच्या हातातून गोफ घेऊन दोन गाठी मारून देण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. त्या दोन गाठींबरोबर मुलाचा सबंध तास जातो. फार तर शिक्षकाने दुसरे धागे घेऊन शेजारी आपली गाठ सावकाश मारून दाखवावी. डावखुऱ्या मुलाने उजवीकडून डावीकडे विणले तरी बिघडत नाही; पट्टे उलट दिशेने तिरके पडतात, इतकेच.

गणित विणता विणताच येते. सहा धाग्यांत प्रत्येक ओळीला पाच गाठी. सहा ओळी झाल्या की सर्व धागे पुन्हा आपापल्या मूळ जागी परततात, म्हणजे तीस गाठींनी रंगांचे एक चक्र पुरे होते. आठ धागे घेतले तर चक्र किती गाठींचे? हा प्रश्न फळ्यावर न लिहिता हातात धागे देऊन विचारावा. उत्तर शोधताना काही मुले मोजतील, काही गुणतील. मोजणाऱ्यांना गुणाकाराची गरज त्या क्षणी आपोआप पटते. गाठी ही मोजदादीची खूण असते हे सांगताना दक्षिण अमेरिकेतील इंका साम्राज्याचा दाखला द्यावा. त्या लोकांनी लिपीविना, केवळ दोऱ्यांना दिलेल्या गाठींच्या स्थानावरून व प्रकारावरून, दशमान पद्धतीने एवढ्या मोठ्या राज्याचे हिशेब ठेवले.

आणखी एक धडा घरोघरी उपयोगी पडणारा आहे. पोत्याचे तोंड बांधताना बहुतेक जण दोन्ही वेळा एकाच हाताचे टोक वर घेतात. ती गाठ तिरकी बसते आणि ओझे आले की सरकते. पहिल्या वेळी उजवे टोक डाव्यावरून आणि दुसऱ्या वेळी डावे उजव्यावरून घेतले, तर गाठ सपाट बसते आणि टिकते. बालवीरांना पहिल्याप्रथम शिकवितात ती हीच. मनगटी गोफाची टोके याच गाठीने बांधावीत आणि मनगट व गोफ यांच्यात एक बोट सहज जाईल इतकी जागा ठेवावी. ओले सूत आवळते, आणि या भागात पावसाळ्यात मुले भिजतच शाळेत येतात.

मुलगे, मुली आणि मिश्र वर्ग

‘हे मुलींचे काम’ ही समजूत पहिल्याच दिवशी समोर येते. तिला भाषणाने उत्तर देण्याचे कारण नाही. मुसके, कासरा आणि गोफण करणारे हात कोणाचे होते एवढे विचारले तरी पुरे. गावातील दोर वळणाऱ्या एखाद्या आजोबांना आणि शिंके विणणाऱ्या एखाद्या आजींना शाळेत बोलावून त्यांच्याकडूनच पहिला पाठ देवविता आला तर फारच उत्तम. ज्यांना ‘अडाणी’ म्हणून सहीच्या वेळी अंगठा पुढे करावा लागला, त्यांना शाळेच्या फळ्याशेजारी शिकविणारे म्हणून बसविले जाण्याचा परिणाम नातवंडांवर काय होतो, हे पाहण्यासारखे असते.

डोंगरातील लहान शाळांना हा उपक्रम विशेष मानवतो. जेथे एकच शिक्षक आणि चार इयत्ता एका खोलीत, तेथे सर्वांना एक पाठ देणे नेहमीच कठीण जाते. सुताच्या कामात मात्र पहिलीतले मूल दोर वळते, चौथीतले वेणी घालते आणि मोठे मूल धाकट्याला शिकविते. शिक्षकास मधल्या वेळात एखाद्या मागे पडलेल्या मुलाजवळ बसून वाचन घेता येते. ज्या मुलाला अक्षर गिरविणे जड जाते, त्याच्या बोटांना येथे अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत वस्तू धरण्याचा सराव मिळतो. लेखणी धरण्यासही तीच पकड लागते.

सावधगिरीची सीमा

मुलांनी केलेले गोफ आणि राख्या देखण्या निघू लागल्या की त्या विकण्याची कल्पना पुढे येते. शाळेच्या निधीसाठी, गरीब मुलांच्या गणवेशासाठी, असे हेतू चांगलेच असतात. परंतु येथे थांबून विचार करणे आवश्यक आहे. वर्धा योजना आखणाऱ्या समितीनेच इशारा दिला होता की, उद्योगाच्या आर्थिक बाजूवर भर देण्याच्या भरात शिक्षणाची बाजू गमावण्याचा धोका आहे. विक्रीची मागणी आली की नग मोजले जातात. नग मोजले जाऊ लागले की ज्या मुलीचा हात चलाख तिलाच सर्व काम मिळते आणि ज्याला सरावाची खरी गरज तो बाजूला पडतो. शहरांतून राख्या, मणी व गोंडे ओवण्याचे काम नगावर घरोघरी दिले जाते आणि त्यात मुलांची बोटे जुंपली जातात, ही वस्तुस्थिती दृष्टिआड करता येणार नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली. कुटुंबाच्या स्वतःच्या बिनधोक व्यवसायात शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्यास मात्र सवलत राहिली. शाळेने पालकांना ही सीमा स्पष्ट करून सांगावी, आणि शाळेतील कौशल्य हे एखाद्या कंत्राटदाराच्या उपयोगी पडणार नाही याकडे शाळा व्यवस्थापन समितीने लक्ष द्यावे. मुलाने विणलेला गोफ त्याचा स्वतःचा; तो कोणाच्या मनगटावर बांधावयाचा हे त्यानेच ठरवावे.

लहान सहान काळजी वेगळीच. अंगणवाडीतील बालकांना सुटे मणी देऊ नयेत आणि दोरा गळ्यात घालण्याचा खेळ कोणत्याच वयात होऊ देऊ नये. नायलॉनचा धागा बोटाला कापतो व गाठही धरत नाही, म्हणून सूत किंवा लोकरच बरी. कात्री एकच असावी आणि ती शिक्षकाच्या टेबलावर राहावी.

खर्चाचा विचार करता, भरतकामाच्या दोऱ्याच्या आठ मीटरच्या एका लडीतून पाऊण मीटरचे दहा धागे निघतात. तीन रंगांच्या तीन लड्यांत पाच मुलांचे गोफ होतात. घरातील उसवलेली लोकर, जुन्या सुती साडीच्या काठाच्या पट्ट्या आणि इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावी नातेवाईक असल्यास तेथून आणलेले सुताचे उरलेले तुकडे यांचा उपयोग केल्यास तोही खर्च कमी होतो. ग्रामपंचायत सदस्यांना शाळेसाठी काही करावयाचे असेल, तर मोठ्या देणगीपेक्षा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुताचा एक डबा आणि अंधाऱ्या वर्गात एक चांगला दिवा एवढे पोचते करावे. गाठ दिसली नाही तर ती मारता येत नाही. डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा हवा. आषाढातील दमट हवेत उघड्यावर ठेवलेल्या सुताला आठवडाभरात बुरशीचा वास येऊ लागतो. बेंदराच्या आधीच्या दोन शनिवारी दोर व वेणी, बेंदरानंतर गाठी, असा क्रम ठेवला तर श्रावणी पौर्णिमेपर्यंत पाचवीच्या वर्गातील बहुतेकांचे गोफ पुरे होतात. ज्यांचे राहतील त्यांना अनंत चतुर्दशीपर्यंत मुदत आहेच.